मुंगीच्या वहीतलं तिसरं पान

एक

बुधवारी सकाळी ताईने मुंगीची वही उघडली आणि दोन नंबरच्या पानामागून थेट चार नंबरचं आलं.

तिला वाटलं, पानं चिकटली असतील. बोट ओलं करून तिने पुन्हा उलटलं. दोन. चार. पाच. मग एकदम सात. आठ. पुढे पुठ्ठा.

ती खाली बसली. मागे खुर्ची होती हे नशीब.

वहीत आठ पानं असायला हवी होती, कारण मुंगी आठ घरांत राहिली होती. ज्यांचे आईबाप सांभाळू शकत नाहीत अशी मुलं सरकारचं खातं दुसऱ्या कुटुंबांकडे ठेवतं, कधी वर्षभर, कधी आठवडाभर. घर बदललं की मुलाबरोबर कपड्यांची पिशवी जाते, बाकी सगळं मागे राहतं. आपला पहिला दात कुठे पडला, ताप आला की आपण काय बडबडायचो, हे सांगणारी माणसं दर घराला बदलतात आणि शेवटी कुणीच उरत नाही. ताईने संस्था काढली ती एवढ्यासाठी. प्रत्येक मुलाची एक वही. मूल जिथे जिथे राहिलं त्या प्रत्येक घराने आपल्या हाताने एक पान लिहायचं. ते मुलाशिवाय कुणी वाचायचं नाही, ताईनेसुद्धा नाही. तिने फक्त कोपऱ्यातले आकडे बघायचे.

पहिली वही मुंगीची. हे नाव तिला पहिलीतल्या बाईंनी दिलं होतं, कायम स्वतःपेक्षा मोठी पिशवी ओढत असायची म्हणून. शुक्रवारी ती अठरा वर्षांची होणार होती आणि खात्याच्या ताब्यातून सुटणार होती. त्याच सकाळी संस्थेचं उद्घाटन होतं. वही नीट तिच्या हातात पडली तर खातं आणखी चाळीस मुलांच्या जुन्या घरांशी गाठ घालून द्यायला तयार होतं. नाही पडली तर संस्था म्हणजे भाड्याची एक खोली, एक टेबल, आणि भिंतीवर ताईने स्वतः रंगवलेलं वाक्य: मूल ही परत करायची वस्तू नाही.

नक्कल नव्हती. ती मुंगीचीच अट. "माझ्या झेरॉक्स खात्याकडे ढिगाने पडल्यात," ती म्हणाली होती. "एक गोष्ट तरी एकच असू दे."

पानं फाडली असती तर फाटकी कड राहिली असती. इथे काहीच नव्हतं. वही जणू जन्मल्यापासून सहा पानांची असावी अशी गुपचूप पडली होती.

दोन

दप्तरमामा कुणाचेच मामा नव्हते. कोर्टाच्या दप्तरखान्यात चाळीस वर्षं गहाळ कागद शोधण्यात त्यांची हयात गेली आणि निवृत्तीनंतर हात शिवशिवायचे थांबले नाहीत.

"पोलिसांना सांगितलंस?"

"दोन पानांसाठी?"

"बरं केलंस. त्यांनी आणखी एक हरवलं असतं."

त्यांनी भिंग काढलं आणि वही मधोमध उघडून शिवणीवर नाक टेकवलं.

"दोरा उसवला, हवं ते काढलं, आणि त्याच भोकांतून परत शिवलं," ते म्हणाले. "घाई नाही, थरथर नाही. आता मला कालचं वर्तमानपत्र दे."

त्यांनी चार मोठे कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडले आणि कोपऱ्यांत एक ते आठ आकडे टाकले. मग आतला एक कागद अलगद ओढला आणि पसरून धरला. डाव्या हातात तीन होतं, उजव्या हातात सहा.

ताई बघतच राहिली. "हा एकच कागद आहे."

"जुळी आहेत. एकाला बाहेर काढलं की दुसरं फरफटत येतं. म्हणजे चोराला दोन्ही नको होती, एकच हवं होतं. सांग, कुठलं?"

ताईला विचार करावा लागला नाही. सहा नंबरचं घर सगळ्यांना माहीत होतं, कारण तिथून मुंगी अनवाणी पळून थेट खात्याच्या दारात येऊन बसली होती. ते घर संस्थेच्या विश्वस्त वकिलांच्या सख्ख्या बहिणीचं. आणि खोलीची दुसरी किल्ली वकिलांकडे.

"वही कुठे कुठे फिरली?"

"सोमवारी बाईंडरकडून आली. मंगळवारी सकाळी माझ्या आईकडे, कापडी कव्हर चढवायला. संध्याकाळी परत इथे. खात्याच्या बाई येऊन बघून गेल्या. मग कुलूप."

मामांनी चिठ्ठीवर लिहिलं: बाईंडर, वकील, खात्याच्या बाई. खाली चारचा आकडा घातला आणि पुढे काहीच लिहिलं नाही.

"हे काय?"

"सवय. एक ओळ रिकामी ठेवतो."

तीन

(हे पान जागेवर नाही.)

चार

*बाईंडर.* त्याला चोरीपेक्षा शिवणीचा राग आला.

"माझी गाठ आत असते. ही बघा, इथे गाठच नाही. दोरा दोनदा उलटा घेऊन जिरवलाय. असलं काम माझ्या दुकानातून बाहेर पडलं तर मी शटर ओढीन."

"वाईट शिवलंय का?" मामांनी विचारलं.

तो मग नाइलाजाने म्हणाला, "माझ्यापेक्षा सरळ आहे."

"सुटं पान वहीत शिवायचं असेल तर कसं करता?"

"कडेला वेगळी पट्टी चिकटवतो आणि पट्टीतून शिवतो. सगळेच तसं करतात."

*वकील.* ते आधीच तयार होऊन बसले होते.

"हो, सहा नंबर माझ्या बहिणीचं घर. लपवलं का मी कधी? ती नाही म्हणत होती, मीच तिला समोर बसवून लिहायला लावलं. आणि उसवून परत शिवायचं म्हणता? मला शर्टाचं बटण लावता येत नाही. घरी विचारा, पोटभर ऐकायला मिळेल."

"सोमवारच्या बैठकीत काय ठरलं?"

"मुंगी समारंभात एक पान वाचून दाखवेल. तिला आवडेल ते. ताई शेजारी उभी राहील. लोक नुसता नारळासारखा चेहरा करून बसणार का? त्यांना काहीतरी ऐकवायला नको?"

"मी नको म्हणत होते," ताई म्हणाली.

"नंतर हो म्हणालीस."

"हे कुणाकुणाला कळलं?" मामांनी विचारलं.

"सगळ्यांना. मीच फोन केले त्या रात्री."

*खात्याच्या बाई.* घराघरांत कागद घेऊन त्याच फिरल्या होत्या. एक घर लिहीत असताना दुसऱ्याचा भाग झाकून समोर ठाण मांडून बसायच्या. सहा सोडलं तर कुठलं पान कुणाचं हे फक्त त्यांना ठाऊक.

"पत्ते माझ्या पोटात आहेत, आणि पोट केवढं आहे ते तुम्ही बघताच आहात. एकही बाहेर येणार नाही."

"काल संध्याकाळी वही बघितलीत तेव्हा पानं मोजलीत?"

"कव्हर बघितलं. सुरेख आहे म्हटलं. निघाले." त्या ताईकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या, मग पर्स उचलली. "तीन नंबरबद्दल मला विचारू नका."

"आम्ही सहाबद्दल विचारतोय," ताई म्हणाली.

बाई जिना उतरून गेल्या.

*मुंगी.* ती टेबलाच्या कडेला टेकली, बसली नाही. ती कुठेच पटकन बसत नसे.

"सहा गेलं तर जाऊ दे. तिथलं मला पाठ आहे. मला तीन हवंय."

"का गं?"

"तिथे मी चौदा महिने होते. पहिल्यांदा मापाचा फ्रॉक तिथे मिळाला. बाकी सगळीकडे कुणाचे तरी उतरलेले. मला वाटलं, मापाचं शिवलं म्हणजे आता ठेवणार. मग एक दिवस गाडी आली." तिने खांदे उडवले. "सात वर्षांची होते. वाटलं, आपण काहीतरी सांडलं असेल. माणसाचं नाव आठवत नाही, पत्ता माहीत नाही. मला फक्त का ते हवंय."

मामांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

"ते पान नसेल तर शुक्रवारी मी येणार नाही," मुंगी म्हणाली. "भोक पडलेली वही घेऊन मी फोटो काढणार नाही. तुमची संस्था तुम्ही उघडा."

पाच

गुरुवारी सकाळी दाराखालून सरकवलेलं पाकीट सापडलं. वर काही लिहिलेलं नव्हतं.

आत सहा नंबरचं पान होतं.

सहा *(परत आलेलं)*

ताईने वकिलांवर रचलेला सगळा डोलारा भुईसपाट झाला. ज्या पानासाठी चोरी झाली असं ती धरून चालली होती, ते चोराला नकोच होतं. त्याने ते जपून घरपोच केलं होतं.

मामांनी पानावर कोरा कागद ठेवला, मजकूर झाकला, आणि फक्त कड उघडी ठेवली.

"इथे ये. ही घडी दिसते? दोन्ही पानं वेगळी करायची तर तू कुठे कापशील?"

"घडीवर."

"मीही. वकीलही. हे घडीवर कापलेलं नाही. घडीच्या पलीकडे, तीन नंबरच्या हद्दीत, अर्धा इंच सोडून कापलंय. का? हे पान परत शिवता यावं म्हणून. बाईंडर तर पट्टी चिकटवतो. मग शिवणीसाठी मूळ तुकड्यातच अर्धा इंच जास्त कोण सोडतं? दोरा गाठ न मारता उलटा घेऊन कोण जिरवतं?"

ताईने कडेवरून बोट फिरवलं.

"कापड बेतणारा हात. त्याला रेघेवर कापताच येत नाही. आयुष्यभर रेघेच्या बाहेरून कापलंय. मन दुसरीकडे असलं तरी कात्री आपोआप तिकडे जाते." मामांचा आवाज खाली आला. "आणि त्या अर्ध्या इंचात तीन नंबरच्या ओळींची सुरुवातीची अक्षरं राहून गेलीत. मी बघितली. मला काही कळलं नाही. तू बघ. एकेका अक्षराने पान वाचल्यासारखं होत नाही."

ताईने पट्टी उजेडात धरली.

अक्षरांमधून काही अर्थ लागत नव्हता. पण प्रत्येक ओळीची शिरोरेषा अक्षराच्या आधीच, अगदी घडीपासून निघाली होती. खडूने कापडावर खूण करावी तशी पट्टीसारखी सरळ. आधी रेघ ओढायची आणि मग तिला एकेक अक्षर टांगायचं. असं लिहिणारं माणूस ताईने जगात एकच पाहिलं होतं. शाळेच्या दप्तरावरचं तिचं नाव, औषधाच्या बाटल्या, गिऱ्हाइकांच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या. सगळं दोरीवर वाळत घातल्यासारखं.

मामा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"तुम्हाला बुधवारीच माहीत होतं," ताई म्हणाली.

"वही तिथून आली एवढं माहीत होतं. कारण माहीत नव्हतं. अजून नाही."

सात

आईचं शिलाई मशीन चालू होतं. ताई दारात उभी राहिली तरी पाय थांबला नाही.

"आई, तीन नंबरचं पान दे."

मशीन दोन टाके पुढे जाऊन थांबलं. आईने चष्मा कपाळावर चढवला.

"कोण म्हणालं?"

"तुझी कात्री."

आईने मान हलवली, जणू गिऱ्हाइकाने खरी तक्रार आणली होती. "घाई झाली. सहाचं पान मुंगीला परत द्यायचं होतं ना. दुसऱ्याचं मी कशाला ठेवू?"

"म्हणजे तू एक मूल घरी आणलंस. चौदा महिने ठेवलंस आणि परत पाठवलंस. मी दूर होते, तू मला फोनवर चकार शब्द सांगितला नाहीस. आणि आता माझ्या भिंतीवरच्या वाक्याखाली बसून वहीचं माप घेतलंस."

"हो."

"स्वतःची लाज झाकायला तिचं पान चोरलंस."

"माझी लाज मी लिहून दिली होती," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून ताई जास्त घाबरली. "सगळी. खात्याच्या बाईंसमोर बसून. तिने एकटीने वाचावं म्हणून. तूच म्हणालीस ना, मुलाशिवाय कुणी वाचणार नाही? मग सोमवारी रात्री वकिलांचा फोन आला. ती वाचणार मोठ्याने, आणि तू शेजारी उभी."

"मग? माझा त्यात काय संबंध?"

आई उठली. कपाटातल्या, कापड बेतायच्या कागदांच्या चळतीतून तिने एक दुमडलेलं पान काढलं. "जाळायला घेतलं होतं. नाही जमलं. तिला बोलाव. आधी ती."

मुंगी अर्ध्या तासात आली. उंबऱ्यातच थांबली. जमिनीवरच्या चिंध्या बघितल्या, मशीन बघितलं, मग आईकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. आईने पान पुढे केलं. मुंगीने ते उभ्यानेच वाचलं, दोन्ही बाजू. उलटून पुन्हा वाचलं.

मग तिने ते ताईसमोर धरलं.

"वाचा," ती म्हणाली. "मी सांगतेय म्हणून वाचा. हे तुमच्याबद्दल आहे."

तीन

*मुंगीस,*

*आलीस तेव्हा उंची एकेचाळीस, छाती बावीस, बाही तेरा. गेलीस तेव्हा उंची चव्वेचाळीस, छाती तेवीस, बाही साडेचौदा. एवढी वाढ माझ्या घरची आहे.*

*तुला अंधाराची भीती नव्हती, बंद दाराची होती. म्हणून मी तुझ्या खोलीचं दार बिजागरीतून काढून ठेवलं होतं. कात्रीला तू चावरी म्हणायचीस. पहिला दात तू माझ्या बटणांच्या डब्यात टाकलास आणि मला तो कधी सापडला नाही.*

*तुझ्या हातून काही चुकलं नव्हतं. माझी मुलगी परत येत होती. तिचं लग्न मोडलं होतं. ती जेवत नव्हती, फोनवर नुसता श्वास ऐकू यायचा. घरात खोल्या दोन. खात्याचा नियम असा, की ठेवलेल्या मुलाला स्वतःची खोली पाहिजे. मी खात्याच्या बाईंना सांगितलं, मुंगीला घेऊन जा.*

*माझ्या मुलीला हे मी सांगितलं नाही. तिला कळलं असतं तर ती त्या खोलीत एक रात्र राहिली नसती, आणि तेव्हा तिला दुसरीकडे जायला जागा नव्हती. तुलाही नव्हती. मी निवडलं. पुन्हा वेळ आली तर काय करीन ते मला ठाऊक नाही. खोटं लिहायचं नाही म्हणून हे असंच लिहिते.*

आठ

खोलीला दार नव्हतं. ते ताईला आठवलं, आणि मग आठवणं थांबेना.

ती परत आली तेव्हा खोलीला दार नव्हतं आणि पलंग इतका आखूड होता की पाय बाहेर लोंबायचे. आई म्हणाली होती, जुनं सामान आहे. दुसऱ्याच दिवशी ताईने सुताराला बोलावून दार बसवून घेतलं होतं. आतून कडी लावून ती तीन महिने झोपली होती. त्या तीन महिन्यांत सात वर्षांची एक मुलगी चौथ्या घरात आपण काय सांडलं ते आठवत होती.

मान वर केली तेव्हा मुंगी निघून गेली होती. पान टेबलावर होतं.

शुक्रवारी दहाला संस्थेची खोली भरली. पहिल्या रांगेत खात्याच्या बाई होत्या, त्यांच्या शेजारी मामा, कडेला बाईंडर. त्याने पहाटेपासून बसून दोन्ही सुटी पानं पट्टी लावून शिवून दिली होती आणि गाठ आत आहे हे तीनदा दाखवलं होतं. आई शेवटच्या रांगेत भिंतीला चिकटून बसली होती. मुंगी नव्हती.

दहा वाजून वीस मिनिटांनी ती आली. सरळ चालत टेबलापाशी गेली, वही उघडली, कोपऱ्यातले आकडे मोजले. आठ.

"वाच ना एखादं," वकील हळूच म्हणाले.

"नाही वाचणार. नियम आहे."

मग ताई बोलायला उभी राहिली. तिने लिहून आणलेलं भाषण टेबलावरच ठेवलं. पानात काय होतं ते तिने सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की या वहीतल्या एका घराने या मुलीला परत पाठवलं, ते घर माझ्या आईचं आहे, आणि ते माझ्यासाठी केलं. मला काल कळलं. भिंतीवर वाक्य मी लिहिलं, आणि परत केलेल्या मुलीच्या पलंगावर मीच झोपले. दोन पानं आमच्याच घरातून चोरीला गेली होती, तेही सांगितलं.

वकिलांनी डोळे मिटून घेतले.

"हे बोलायची गरज नव्हती," ते पुटपुटले.

"होती," ताई म्हणाली.

खात्याच्या बाईंनी मांडीवरचं पाकीट उघडलं, आतला कागद बघितला आणि परत आत घातला. "शिफारस मी लिहून आणली होती. आता ती पुन्हा लिहावी लागेल. तीन नंबर कुणाचं हे ठाऊक असून मी बोलले नाही, तेही त्यात येईल. बाकी काय लिहीन, आज सांगता येत नाही."

ताईने मान हलवली. चाळीस मुलांची नावं तिला तोंडपाठ होती. ती तिच्या डोक्यातून एकामागून एक गेली.

खुर्च्या सरकल्या. लोक उठून उगाच भिंतीकडे बघायला लागले. गर्दीतून वाट काढत मुंगी शेवटच्या रांगेपाशी जाऊन उभी राहिली. आई उठून उभी राहिली.

"माफ बिफ मी आज काही ठरवणार नाही," मुंगी म्हणाली.

"नको ठरवूस."

"सोमवारी माझी नोकरीची मुलाखत आहे. छापखान्यात. माझ्याकडे आहेत ते सगळे कुर्ते कुणाचे तरी आहेत. दोन दिवसांत एक शिवून होईल?"

आईने पर्समध्ये हात घातला. बाहेर काढताना टेप जमिनीवर घरंगळला, मुंगीनेच तो उचलून दिला. मग मुंगीने हात बाजूला पसरले आणि समोर बघत ताठ उभी राहिली.

"लिहून घ्यायला कागद?" आई म्हणाली.

मुंगीने न वळता वही मागे धरली. "ताई, तुम्ही लिहा. तीन नंबरवर. खाली जागा आहे."

ताई जवळ आली. वही तिने भिंतीला टेकवली. मामांनी खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलं.

"उंची," आई म्हणाली, आणि टेपचं टोक पायाशी धरायला खाली वाकली. "साठ. छाती, चौतीस. बाही," ती थांबली, तिने टेप पुन्हा खांद्यापासून मनगटापर्यंत नेला, "बाही बावीस."

"साडेबावीस," मुंगी म्हणाली. "नीट बघा."

आईने नीट बघितलं. "साडेबावीस."

ताईने साडेबावीस लिहिलं.